ऐकलं तसं

धाकटीला धाकटी म्हणायचं वय कधीच उलटून गेलं होतं. केस पांढरे झाले, गुडघे बोलू लागले, लग्न होऊन नवराही येऊन गेला, तरी तिचं नाव काही मोठं होईना. पेपरवाला तिला धाकटी म्हणे, तळमजल्यावरचा शिंपी धाकटी म्हणे. नवऱ्याच्या अंत्ययात्रेला आलेल्या एका गृहस्थांनी तर "धाकट्याबाई, धीर धरा," असं म्हणून हसावं की रडावं असा प्रसंग आणला होता. याला कारण एकच. ताई हयात होती. आणि ताई आहे तोवर त्या घरात दुसऱ्या कुणाला मोठं व्हायची सोय नव्हती.

ताई लघुलेखिका. म्हणजे होती, पण तिच्यासमोर ‘होती’ म्हणायची कुणाची छाती नव्हती. एका विमा कंपनीच्या मोठ्या साहेबांची पत्रं तिने आयुष्यभर उतरवून घेतली. हे साहेब आकड्यांत पक्के आणि बोलण्यात अगदीच कच्चे. "अं... त्याला कळवा की ते आपलं... म्हणजे जमणार नाही असं नाही, पण... बघा तुम्हीच," एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसायचे. आणि ताई असं पत्र करून आणायची, की समोरचा माणूस नकार वाचूनसुद्धा आभार मानायला यायचा. आपण काय बोललो हे साहेबांना सही करताना कळायचं. तेव्हा तरी कळत होतं का कोण जाणे, कारण ते कधी वाचायचेच नाहीत. ताईच्या निरोप समारंभात साहेबांनी तिच्यावर जे गहिवरून भाषण केलं, तेही ताईनेच लिहून दिलेलं होतं. ऐकताना तिचेच डोळे भरून आले. "किती मनापासून बोलले!" असं ती पुढे कैक वर्षं सांगायची आणि त्यात काही हसण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नाही.

धाकटीची नोकरी इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीवर. काचेला पडलेल्या गोल भोकाला तोंड लावून घाबरलेली माणसं काहीतरी पुटपुटायची. "ते... आमचे... सकाळी ते... रक्ताचं..." आणि धाकटी सांगायची, "दुसरा मजला, डावीकडे." ताईच्या मते ही नोकरीच नव्हती. "तुझ्या कामाला एक बोट असलं की पुरतं," ती म्हणायची, आणि ते बोट दिशा दाखवल्यासारखं करून हसायची. बहिणीचं प्रेम होतं हो. नव्हतं असं कुणी म्हणू नये. विधवा होऊन आलेल्या धाकटीला ताईने एका शब्दाने विचारलं नाही की किती दिवस राहणार. फक्त तिच्या बॅगेतले कपडे बाहेर काढून पुन्हा नीट घड्या घातल्या.

मग ताई फुटपाथवरून उतरताना पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाडात सळई घातली, हातात वॉकर दिला आणि म्हणाले, चाला. ताई चालली नाही. घर तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट इमारतीच्या नकाशात तेवढी होती. खाली जायचं नाही तर उठायचं तरी कशाला, असा तिचा हिशोब. ती पलंगावर पडून राहिली. जेवण नको, रेडिओ नको, माणूस नको. धाकटी वाक्यात चुका करायची, तरी ताई दुरुस्त करेना, तेव्हा मात्र धाकटीचं धाबं दणाणलं. डॉक्टरांनी तिला दाराबाहेर घेऊन हळूच सांगितलं, "हाड जुळलंय. आता त्यांना उठायला काहीतरी कारण द्या. अशाच पडून राहिल्या तर फार काळ काढणार नाहीत."

कारण दिलं भाचीने. ती दूरच्या शहरात असते, फोनवर असते आणि कायम घाईत असते. "मावशी, घरबसल्या काम! लोकांनी फोनवर केलेल्या तक्रारी, चौकशा असले तुकडे ऐकायचे आणि लिहून काढायचे. माणसं कशी बोलतात ते यंत्राला शिकवतात म्हणे. हवं तेव्हा करायचं, नको तेव्हा नाही. वेळेचं बंधन नाही, साहेब नाही, जिने नाहीत."

"साहेब नाही?" ताईने पलंगावरूनच विचारलं. कित्येक दिवसांत तिने विचारलेला तो पहिला प्रश्न. "मग सही कोण करतं?"

दुसऱ्याच दिवशी ताई उठली. इस्त्रीचे कपडे, मनगटावर घड्याळ, पायात बूट. वॉकर ठोकत पलंगापासून जेवणाच्या टेबलापर्यंत आली. हा तिचा नवा कामाला जायचा रस्ता. टेबलाच्या एका बाजूला भाचीने पाठवलेला एक जुना कंप्युटर, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोन्ही पाठीला पाठ लावून. एकावर ताई, एकावर धाकटी. धाकटीला काम शिकवलं ताईनेच, आणि शिकवताना तिच्या टंकलेखनाची इतकी लाज काढली की शेजाऱ्यांनी दार लावून घेतलं.

या कामाचं कौतुक करावं तेवढं थोडं. ताईचं वय कंपनीला माहीत नव्हतं. तिचं हाड माहीत नव्हतं, तीन मजले माहीत नव्हते. समोर आवाज आला, लिहून झाला, दाम जमा. दुपारी पाय वर घेऊन बसलं तरी कुणी भुवई उंचावत नव्हतं. ताईच्या गालांवर रंग आला. ती जेवू लागली. खिडकीत बसून खालच्या शिंप्याला वरूनच विचारू लागली, "दुकान उशिरा उघडलंत आज?" डॉक्टर तपासायला आले तेव्हा तिने त्यांना थांबवून ठेवलं, "एक मिनिट, मी कामात आहे." डॉक्टर इतके खूश झाले की फी घ्यायची विसरले. म्हणजे विसरल्यासारखं केलं.

आता ‘हवं तेव्हा’ म्हणजे काय, ते हळूहळू कळलं. आपल्याला हवं तेव्हा नव्हे, कामाला हवं तेव्हा. तास न् तास काही नाही, आणि मग एकदम ‘टिंग’. टिंग वाजलं की ज्याचं बोट आधी पडेल त्याचं काम. जगात कुठे कुठे अशी बोटं ताटकळत बसलेली असतील देव जाणे. धाकटी साबणाच्या हातांनी धावत यायची. ताई न्हाणीचं दार किलकिलं ठेवून आतून ओरडायची, "वाजलं का? माझं दाबलंस की तुझंच दाबलंस?" भाजी किती वेळा करपली त्याची गणती नाही. सणासुदीला जावं तर ही टिंगची भीती, झोपावं तर स्वप्नात टिंग. बरं, नातेवाइकांचं म्हणणं एकच, तुम्ही काय, घरीच तर असता! एका आतेबहिणीने आपलं मांजर आठवडाभर आणून ठेवलं. मांजराने मात्र टिंगची सवय करून घेतली. वाजलं की ते टेबलाखाली जायचं.

आणि एक नियम होता. ऐकलं तसं लिहा. माणूस अडखळला तर अडखळलेलं लिहा, तोच शब्द तीनदा म्हणाला तर तीनदा लिहा, अर्धं वाक्य सोडलं तर अर्धंच सोडा. कंपनीने हे ठळक अक्षरांत सांगितलेलं होतं. ताईने ते वाचलं आणि चष्मा काढून पुसला. "हे ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आहे," ती म्हणाली.

सुरुवातीला कंपनीला माणसं कमी पडत होती, त्यामुळे ताईच्या सुधारणांकडे कंपनीनेही काणाडोळा केला. मग माणसं वाढली आणि कंपनीने तपासनीस नेमायचं ठरवलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं काम तपासायचं, चांगलं तर पास, नाहीतर नापास. दाम जास्त, आणि टिंगसाठी धावाधाव नाही. परीक्षा दोघींनी दिली. ताईचा निकाल आधी आला, आपली निवड झालेली नाही.

"मला नाही म्हणजे कुणालाच नाही," ताई म्हणाली. "जागा भरायच्याच नसतील. नुसतं नाटक." मग टेबलापलीकडे मान वर करून, "तुझं काय?"

धाकटीच्या पडद्यावर अभिनंदन लिहिलेलं होतं. शेजारी एक फुगाही काढलेला होता.

"नाही आलं," धाकटी म्हणाली.

"येणार कुठून!" ताई म्हणाली आणि दिलासा द्यायला म्हणून तिने आपल्या बशीतलं बिस्किट तिच्याकडे सरकवलं.

त्या एका बिस्किटाने सगळं अवघड करून ठेवलं. त्या क्षणी खरं सांगितलं असतं तर ताई दोन दिवस बोलली नसती आणि तिसऱ्या दिवशी तिने धाकटीच्या तपासणीतल्या चुका काढायला सुरुवात केली असती. पण बिस्किट खाल्ल्यावर कसं सांगणार?

तपासायला येणाऱ्या कामावर नाव नसे, नुसता क्रमांक. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एक काम उघडलं आणि धाकटीने चहाचा कप खाली ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये एक बाई म्हणत होती, "अहो ते... ते हे, मशीन हो, कपड्यांचं... गुरगुर गुरगुर... थांब रे जरा, बोलतेय ना मी... हां, तर गुरगुरतंय नुसतं." आणि खाली लिहिलेलं होतं, ‘महोदय, आमचे कपडे धुण्याचे यंत्र चालू असता विचित्र आवाज करते. तरी कृपया लवकरात लवकर कारागीर पाठवावा, ही विनंती.’

धाकटीने कंप्युटरच्या कडेवरून हळूच पाहिलं. समोर ताई ताठ बसून, ओठ घट्ट मिटून टंकत होती. तोंडावर तृप्ती. त्या गुरगुरणाऱ्या बाईला तिने आत्ताच जगात तोंड दाखवण्यालायक केलं होतं.

धाकटीने मग काय करावं? तिने ते काम पुसलं आणि गुरगुर पुन्हा घातली. ‘थांब रे जरा’ घातलं, सगळे ‘अं’ जागच्या जागी बसवले आणि पास केलं. त्या दिवसापासून हा उद्योगच झाला. ताई सकाळभर कचरा काढायची आणि धाकटी दुपारभर तो परत आणून टाकायची. एक म्हातारे गृहस्थ इस्पितळाच्या बिलावरून चिडून फोनवर शिव्या देत होते. ताईने त्यांच्या तोंडी ‘आपल्या कारभाराबद्दल मी तीव्र नापसंती व्यक्त करतो’ असं घातलं होतं. धाकटीला त्या शिव्या एकेक करून लिहाव्या लागल्या, समोर ताई बसलेली असताना. "काय गं, कान लाल झालेत तुझे?" ताईने विचारलं. "गरम होतंय," धाकटी म्हणाली.

हे फार काळ चालणार नव्हतं. तपासनिसांवरही तपासनीस होते. एकाच माणसाचं काम तुम्ही सारखं दुरुस्त का करता, नापास का करत नाही, अशी धाकटीला विचारणा आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा जरा कडक आली.

धाकटीने जेवताना विषय काढला. "ताई, मी म्हणते, ते बोलतात तसंच लिहावं. नियम आहे ना."

"बोलतात तसंच लिहायचं तर लिहायला माणूस कशाला? भिंतीला कान लावून ठेवा."

"पण त्यांना तसंच हवंय."

"साहेबांनाही तसंच हवं होतं," ताई म्हणाली. "त्यांना माहीत नव्हतं, त्यांना काय हवंय ते. लोकांना माहीत नसतं. तुला तर मुळीच नसतं. पाणी दे."

धाकटीने पाणी दिलं.

इथवर धाकटीची काही चूक नाही. पुढचं मात्र तिचं तिने केलं.

तिच्या नवऱ्याला जाऊन त्या आठवड्यात आणखी एक वर्ष होत होतं. भाचीचा फोन आला. फोन टेबलावर, स्पीकर चालू. धाकटीचा नवरा बसचालक. साधा माणूस, बोलायचा कमी आणि जेवायचा बेताने. गेला तो घरातच, पलंगावर, बायकोचा हात हातात धरून. भाची म्हणाली, "मावशी, काकांचं ते शेवटचं वाक्य मला नेहमी आठवतं हो. किती सुंदर."

धाकटीने तोंड उघडलं. पण ताई आधी बोलली. "‘सगळ्यांना सांभाळ, मी समाधानाने जातोय.’ तेवढंच म्हणाले आणि मान टाकली. पेपरात दिलं होतं आपण."

‘आपण’ नव्हे. ताईने दिलं होतं. धाकटी तेव्हा रडत होती आणि ताई टेबलाशी बसून पेपरातला मजकूर तयार करत होती. शेवटी काय म्हणाला, असं ताईने विचारलं तेव्हा धाकटीने सांगितलं होतं, "म्हणाले, गॅस... अगं ते... गॅस बंद केलास का..." ताईने पेन वर धरलं, क्षणभर विचार केला आणि लिहिलं. धाकटीला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं. गॅसपेक्षा ते बरं दिसत होतं. लोक येऊन म्हणत, काय माणूस होता! वर्षानुवर्षं तिने स्वतःच तेच सांगितलं. आता मात्र फोन ठेवल्यावर ती नवऱ्याचा आवाज आठवायला बसली, आणि तिच्या कानात तो आवाज स्वच्छ, शुद्ध, ताईच्या थाटात म्हणाला, सगळ्यांना सांभाळ. गॅस ऐकू येईना. तिने डोळे मिटले, पलंग आठवला, हात आठवला, हाताचा घाम आठवला. गॅस काही ऐकू आला नाही. साऱ्या जगाचे ‘अं’ दुपारभर जागेवर बसवणाऱ्या बाईला नवऱ्याचा एक ‘अं’ सापडेना.

"कसल्या तंद्रीत आहेस?" ताई म्हणाली. "तुला सांगते, ‘समाधानाने’च्या जागी ‘तृप्त होऊन’ जास्त शोभलं असतं. घाई झाली तेव्हा."

धाकटीने पडद्याकडे पाहिलं. तिथे वरच्या तपासनिसांचा प्रश्न उभा होता. ताईचा क्रमांक, ताईची दहा-बारा कामं ओळीने, आणि खाली, ह्या व्यक्तीला कामावर ठेवावं का? दोन चौकोन. हो. नाही. प्रश्न सकाळपासून तिथे होता आणि सकाळपासून ती त्याला टाळत होती.

तिने ‘नाही’ दाबलं.

तिला काढताना कंपनीला ताईचं वय माहीत नव्हतं, हाड माहीत नव्हतं, डॉक्टर दाराबाहेर काय म्हणाले ते माहीत नव्हतं. धाकटीला सगळं माहीत होतं.

निरोप ताईच्या पडद्यावर चहाच्या आधीच आला. ताईने तो वाचला. पुन्हा वाचला. मग नेहमीच्या सवयीने म्हणाली, "‘आपल्या सेवा यापुढे आवश्यक नाहीत.’ सेवा कशाला म्हणायचं? काम म्हणायचं." कळफलकावरचे हात तिने उचलून मांडीवर ठेवले. एकावर एक, फोटोसाठी बसावं तसे.

"काय झालं?" धाकटीने विचारलं. विचारावं तर लागणारच.

"काढलं."

"कुणी?"

"सही नाही खाली," ताई म्हणाली. "सहीच नाही गं. कुणाला भेटायचं?"

हा या कामाचा दुसरा गुण. साहेब नाही म्हटलं की कुणाच्या पायाही पडता येत नाही. पण फेरविचाराचा अर्ज एकदा करता येत होता. एकदाच.

ताई त्यावर पुन्हा ताठ झाली. "तू घे उतरवून," ती म्हणाली. "अर्ज स्वतः टंकायचा नसतो. सांगायचा असतो." उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच ताई सांगणार होती आणि दुसरं कुणी उतरवून घेणार होतं. तिने खुर्ची वळवली, खिडकीबाहेर पाहिलं.

"महोदय," ती म्हणाली, आणि थांबली.

"हं."

"मी... अं... मी गेली काही... नाही, थांब. माझं काम जे आहे ते मी... मनापासून... म्हणजे मला वाटलं की... अं... मला ह्याच्याशिवाय... नको, हे नको... म्हणजे सकाळी उठायला... उठायला काहीतरी... मी चुकले असेन तर... चुकले नाही मी, पण..." तिने ओठ पुसले. "आणि हे घाल. माझी धाकटी बहीण माझ्यावर अवलंबून आहे, तिची समज बेताची आहे." एवढं एकच वाक्य तिला सलग सुचलं. "तिचं कसं... मी नसले तर... बघा तुम्हीच."

धाकटी टंकत होती. ऐकलं तसं.

"झालं?" ताईने विचारलं. "आता नीट करून घे आणि पाठव."

"वाचून दाखवू?"

"साहेबांनी कधी वाचलं का? ज्याला सांगितलं त्याच्यावर सोडायचं." आणि एवढं बोलून ताई किंचित हसली. साहेब असण्यात काय सुख असतं, ते तिला जरासं कळलं असावं.

धाकटीने अर्ज नीट केला नाही. एकही ‘अं’ काढला नाही. ‘नको, हे नको’सुद्धा तसंच ठेवलं. आणि पाठवला.

नियम असा होता की ज्या तपासनिसाने नाही म्हटलं, फेरविचारही त्यानेच करायचा. त्यामुळे ताईचा अर्ज जगभर कुठे कुठे फिरून टेबलाच्या त्याच बाजूला परत आला. धाकटीने तो उघडला. स्वतःच टंकलेला, तरी तिने सबंध वाचला. कंपनीच्या नियमात चोख बसणारं ताईच्या नावावरचं ते पहिलंच लिखाण. इतकी उघडी ताई तिने कधी पाहिली नव्हती. उठायला... उठायला काहीतरी. दोनदा. मग तिची नजर त्या एका सलग वाक्यावर गेली आणि तिथेच राहिली.

ताईला परत घेतलं तर ती पुन्हा गुरगुरीचं ‘विचित्र आवाज’ करणार. मग धाकटीचीही गच्छंती, आणि दोघींच्या पोटाला काही नाही. हे कारण खरं होतं. कुणीही मान्य केलं असतं. धाकटीने ते मनात नीट मांडून पाहिलं, त्याला काही खोट सापडली नाही. फक्त ते कारण तिला बोट खाली गेल्यावर सुचलं.

"आलं उत्तर!" ताई म्हणाली. "इतक्या लवकर? कामसू आहेत हो." चष्मा सावरून तिने वाचलं. "निर्णय कायम." ती थोडा वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. "दोन शब्दांत. फापटपसारा नाही. ज्याने लिहिलंय, त्याला लिहिता येतं."

धाकटीने आपल्या पडद्यावरचा अर्ज बंद केला.

"तू नीट केला होतास ना गं अर्ज?"

"केला होता."

"मग प्रश्नच नाही," ताई म्हणाली. तिने आपला कंप्युटर बंद केला. तो काळा पडल्यावर त्यात तिचं तोंड दिसलं असावं, कारण तिने हाताने केस बसवले.

एवढ्यात टिंग वाजलं. तपासायला नवीन काम, आणि त्याला वेळ मोजका. धाकटीने हेडफोन कानावर चढवले. पलीकडून ताई वॉकरला धरून उठली. ठक. मग पुन्हा ठक. रेकॉर्डिंगमध्ये कुणी एक म्हातारी फार हळू बोलत होती, वॉकरच्या आवाजात तिचे शब्द बुडत होते.

"ताई," धाकटी म्हणाली, "आवाज नको करू. काम चालू आहे."

ताई जागच्या जागी थांबली. आयुष्यभर हे वाक्य तिने दुसऱ्यांना ऐकवलं होतं. तिने वॉकर हलकेच टेबलाला टेकवून ठेवला, कुठे खुट् होऊ नये अशा बेताने. मग भिंतीला हात लावला. दुसरा हात कपाटाला. हाडात सळई असलेला पाय तिने उचलला, अंदाज घेतला, आणि आवाज न करता टाकला. मग दुसरा. आतल्या खोलीच्या दाराशी पोचल्यावर तिने चौकट धरली आणि मागे वळून पाहिलं. मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"धाकटे," ती अगदी दबक्या आवाजात म्हणाली, "कामाची वेळ आहे, पण मी जरा पडू का?"

परवानगी मागत होती. धाकटीने ऐकलं. हेडफोनमधूनही ऐकलं. तिने पडद्यावरून डोळे न हलवता मान डोलावली, इस्पितळाच्या खिडकीवर डोलवायची तशी, पुढच्या माणसाला.

ताई आत गेली. पलंग करकरला. थोड्या वेळाने आतून कसलासा आवाज आला. उशीत तोंड खुपसून केला तर येतो तसा. धाकटीच्या कानातली म्हातारी तेव्हा म्हणत होती, "हॅलो... हॅलो, कुणी आहे का... ऐकताय का हो... हॅलो..." धाकटीने ते चारही ‘हॅलो’... नाही, तीन. तिने नीट मोजण्यासाठी रेकॉर्डिंग मागे नेलं, आणि आतलं काही कानावर येऊ नये म्हणून आवाज वाढवला.